बिनरंगी पलटण

"ह्यांना रंग कुठंय?" घड्याळजींनी विचारलं.

टेबलावर दोन पलटणी समोरासमोर उभ्या होत्या. सगळे सैनिक प्लॅस्टिकचे आणि सगळे करडे. एका पलटणीला उंच टोप्या, दुसरीला बसकी शिरस्त्राणं, एवढाच काय तो फरक. माझ्या मुलीच्या ऑफिसातल्या थ्री-डी यंत्रावर छापून आणलेत, आजपासून ह्यांना घेऊन खेळू, असं मेहुण्यानं सांगितलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत बसलेला कंपोझिटर. त्याच्या तोंडून 'सैनिक छापले' हे ऐकून घड्याळजींनी कपाळावर हात मारला.

चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या ह्या खोलीत दोघांची लढाई व्हायची. सुरुवातीला बाजारात काही म्हणता काही मिळत नव्हतं. मेहुण्यानं छापखान्यातले झिजलेले शिशाचे खिळे आणले, घड्याळजींनी ते स्टोव्हवर वितळवून साच्यात ओतले. एकेका सैनिकाच्या पोटात निम्मी बाराखडी गेली. मग रंगकाम. घड्याळजींची पलटण निळी, मेहुण्याची हिरवी. निळ्या कोटाला बटणांच्या दोन रांगा, हिरव्याला एक. डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशनं एकेक बटण. नियम सगळे मिळून दीड पान. ते मेहुण्यानंच जुळवून छापले होते आणि अजून भिंतीवर होते. पहिलाच नियम: न रंगवलेला सैनिक टेबलावर येणार नाही. न छापलेला नियमही एक होता. खेळ संपला की ज्यानं त्यानं आपापले सैनिक उचलायचे, दुसऱ्याचे मोजायचे नाहीत. मोजणं म्हणजे संशय घेणं.

आणि आता? आता नियमांचं पुस्तक तीनशे पानांचं, तेही दर तीन महिन्यांनी बदलणार. लोक तयार पलटण विकत घेतात, तशीच करडी टेबलावर मांडतात आणि फोनमध्ये डोकं घालून बसतात. मागे घड्याळजी हौसेनं एका स्पर्धेला गेले होते. शिशाचे सैनिक मापात बसत नाहीत म्हणून आयोजकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तो राग अजून उतरला नव्हता, आणि आज तीच ब्याद घरात आली होती, तीही मेहुण्याच्या हातून.

मेहुण्यानं खिशातून फोन काढला. फासे आता हा फोनच टाकेल, आकडा मोठ्यानं सांगेल, कोण किती अंतरावर आहे तेही बोलून दाखवेल, म्हणाला. घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फासे टाकायला माझे हात झडले नाहीत, असं त्यांनी सुनावलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. गेले सहा रविवार मेहुणा ओळीनं हरला होता. नाचता येईना, अंगण वाकडं.

"सरळ सांग ना, सहा वेळा हरलास म्हणून खेळच बदलतोयस. रडीचा डाव आहे हा."

"तसं समजा, दाजी," मेहुणा म्हणाला. "पण ह्यांना घेऊन खेळू."

हे मात्र अती झालं. रंगवलेले सैनिक नसतील तर आजपासून रविवार बंद, असं घड्याळजींनी जाहीर केलं आणि फळीवरून आपला पत्र्याचा डबा काढला. डब्याचं झाकण हल्ली नीट बसत नव्हतं. हल्ली कुठलीच वस्तू धड राहिलेली नाही, असं म्हणत त्यांनी त्याला सुतळी बांधली होती. सुतळी सोडून त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. पलटण म्हणजे काय ते बघ, म्हणाले.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. डोळे दाखवून या म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी, मला कसला डॉक्टर, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कप ठेवता ठेवता ती थबकली.

"अहो, ह्यात निम्मे तर हिरवे आहेत."

"ताई, तू जा बरं आत," मेहुणा घाईघाईनं म्हणाला.

घड्याळजी वैतागले. हिला ह्यातलं काय कळतंय, तूच सांग तिला, म्हणाले. मेहुणा सैनिक गोळा करून डब्यात भरायला लागला. मग घड्याळजींनी चिडून एक सैनिक उचलला, खिडकीशी नेला आणि भिंग डोळ्याला लावलं. बटणं लख्ख दिसली. एक रांग. दुसरा उचलला, दोन रांगा. तिसरा, एक. चौथा, एक. उजेडात धरले तरी सगळ्यांचे कोट सारखेच मळकट दिसत होते.

ते परत आले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फळीवरचा मेहुण्याचा डबा उघडून आतले सैनिक मोजले. चाळीसपैकी अकरा उरले होते.

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर रविवार बंद केला असतात. आत्ता केलात तसा."

घड्याळजी खाली बसले. भिंग काढून त्यांनी बाजूला ठेवलं. एक करडा सैनिक हातात घेतला आणि न बघता त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या. चहावर साय धरली तरी कोणी कपाला हात लावला नाही.

"उंच टोप्या माझ्या," शेवटी ते म्हणाले. "आणि त्या सहाही लढाया तुझ्या."