ऑर्विलची पेन्सिल

बेसबॉलच्या त्या मोसमात सर्वांत कमी धावा देणाऱ्या पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, यादीत आमचा वेंडेल पहिला होता, आणि त्यामागची गोम मला ठाऊक होती. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव पिचरच्या नावावर लागत नाही. मी क्षेत्ररक्षक; चेंडू ढेकळावरून उसळून माझ्या हातून निसटला तरी स्कोअरर ऑर्विल चूक माझीच लिहायचा. वेंडेल ऑर्विलच्या पोरीला फिरवतो, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

शेवटी म्हाताऱ्याला गाठलंच. “होणाऱ्या जावयासाठी माझा बळी देता होय, काका?”

ऑर्विलने शांतपणे पेन्सिल कानामागे खोचली.



“जावई होऊ नये म्हणूनच रे! पहिला आला, की शिकागोचा मोठा संघ उचलून नेईल त्याला. माझ्या दारातली ब्याद टळेल एकदाची!”