टाचण्यांवरचं वेळापत्रक

आईने सकाळपासून पाचव्यांदा वेळापत्रक पडद्यावर टाचलं आणि मागे सरून पाहिलं. चार मुलांच्या चार रंगांच्या चिठ्ठ्या, शिवणाच्या टाचण्यांनी लावलेल्या. मुलं घरीच शिकत आणि आई शिवणयंत्रावर बसल्या बसल्या शिकवी. नियम एकच होता: चिठ्ठी कोणीही, कुठेही हलवावी, पण संध्याकाळी एकही उरता कामा नये.

मुलं या नियमाचा पुरेपूर फायदा घेत. जुळ्यांनी भूगोल गच्चीवर नेला होता. शेंडेफळ आंघोळ करताना पाढे म्हणे. चौदा वर्षांच्या ताईने तर कहरच केला होता. तिने यंदाच दहावीची पुस्तकं आणली होती आणि रोज अकराला ती सगळ्यांना घेऊन बसे.

"आई, आधी तू वहीत सोडवून दाखव. मग आम्ही."

आईचं गणित सुटलं किंवा इतिहासाचं उत्तर जमलं की चौघंही टाळ्या पिटत. आई वरवर रागवायची, पण तो तास तिला फार आवडायचा.

आज मात्र तिचं शिवणात लक्ष लागत नव्हतं. ताईने दहावीचा अर्ज आणि वह्या पाठवल्या होत्या, म्हणून परीक्षा मंडळाच्या बाई पाहणीला येणार होत्या आणि आई स्वतः नववीत शाळा सोडलेली. बाईंनी तिचं शिक्षण विचारलं की संपलं. मुलं शाळेत जाणार आणि घर सुनं होणार.

"आजचा दिवस तरी वेळापत्रक जागेवर राहू द्या रे."

"जागेवरच आहे," जुळ्यांतला एक म्हणाला. भूगोल तेव्हाही गच्चीवरच होता.

बाई आल्या, पाणी प्यायल्या आणि पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे रोज बदलतं?"

"दिवसातून पाचदा तरी," आई खरं तेच बोलून गेली.

"आणि अभ्यास?"

"तो होतो. कसा होतो ते मात्र विचारू नका."

बाई हसल्या आणि त्यांनी फाइल उघडली. "तुमच्याकडून आलेल्या वह्या मी तपासल्या. इतिहास छान, बीजगणित त्याहून छान. भूमितीच्या आकृत्या तेवढ्या तिरक्या."

"तो दोष माझा," आई घाईने म्हणाली. "शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली होती. भूमितीचा तास मीच बुडवला. आणि बाई, मी नववीपर्यंतच शिकलेय, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते."

"ते अर्जात लिहिलंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

"मग एवढंच करा, ताईचं वर्ष वाया घालवू नका."

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई मान खाली घालून हसू दाबत होती.

"वर्ष कशाला वाया जाईल? परीक्षेला बसू द्यायला माझी काहीच हरकत नाही. इथे तेवढी सही हवी."

आईला रडूच फुटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पदराने डोळे पुसत तिने हाक मारली, "ताई, ये, सही कर."

ताईने पेन घेतलं आणि आईच्या हातात ठेवलं.

"माझी दहावी पुढच्या वर्षी, आई. हा अर्ज तुझा आहे."