हुबेहूब

रविवारी आमच्या वाचनालयात कुटुंबांसाठी कार्यक्रम होता. पुलावर किंचाळणाऱ्या माणसाचं ते जगप्रसिद्ध चित्र भिंतीवर लावलं होतं. प्रत्येक कुटुंबाने त्याच्यासारखी पोझ द्यायची, ग्रंथपाल म्हणून मी फोटो काढायचा आणि सगळ्यांत हुबेहूब फोटो दारासमोर लावायचा.

एक गृहस्थ बायको-मुलांना घेऊन आले. असले कलारसिक मला लांबूनच ओळखू येतात. आल्या आल्या त्यांनी चित्रकला कशाशी खातात हे मला शिकवलं. मग घरच्यांना चित्रापुढे उभं केलं आणि स्वतः माझ्या शेजारी थांबून हुकूम सोडायला लागले.

"तोंड उघडा! अजून मोठं! किंचाळताय की जांभया देताय?"

बायको कसनुसं हसली. धाकट्याने आ वासला. थोरली मात्र वळून चित्राकडेच बघत होती.

"बाबा, हा ओरडत नाहीये. याने कान झाकलेत. ओरडणारा दुसराच कुणीतरी आहे."

"गाढवे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं?"

गृहस्थ असे कडाडले, की कोपऱ्यात पेपर वाचणारे आजोबा दचकले. तिघांचे हात एकदम कानांवर गेले, डोळे विस्फारले, तोंडं उघडीच राहिली. मी बटण दाबलं.

पहिला नंबर अर्थातच त्यांचा. आता गृहस्थ त्या फोटोखाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात, "तिघांनाही धड उभं राहायची अक्कल नव्हती हो. मी ओरडलो, तेव्हा कुठे जमलं!"