पेटीतला बर्फ

"भोजू, त्या पेटीत बरफ हाय ना रे?"

शेवंताबाई नवऱ्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. प्रेमलालचे अंग तव्यासारखे तापले होते. डॉक्टर बर्फ ठेवायला सांगून गेले होते. पण वीज गेल्यापासून बालाघाटात बर्फ कुठेच मिळत नव्हता.

भोजराजने पेटीवर हात ठेवला. हिमनदीच्या गोठलेल्या थरांत जगणाऱ्या जंतूंच्या शोधात त्याचे तारुण्य गेले होते. वडिलांच्या आजाराची तार मिळताच तो पहाडातून तसाच निघाला. वाटेतल्या मोठ्या स्टेशनांवर पेटीत ताजा बर्फ भरत त्याने आतल्या काचनळ्या जपून आणल्या होत्या. शेवटचा बर्फ त्याने सकाळी गोंदियाला गाडी बदलताना भरला होता. तो काढला, तर संध्याकाळपर्यंत नळ्यांत जिवंत काही उरणार नव्हते.

"त्यात औषध घातलंय, माय. अंगाला लागलं तर भाजेल."

"मंग तुह्या त्या किड्याईले भाजत नाही?"

"नाही. ते गारठ्यातच जगतात. ऊब लागली की मरतात."

"अई माय! बिचारे." तिने पट्टी पुन्हा माठातल्या पाण्यात बुडवली. शिकलेल्या लेकाचा शब्द तिला पुरेसा होता.

दुपार कलताना शेजारचा महागू खांद्यावर ओले पोते घेऊन आला.

"गोंदियाच्या ठेशनावरून आणला, वयनी. चांगली लादी घेतलती. अर्धी तं गाडीनंच पेऊन टाकली!"

कोणी न सांगता तो गेला होता. भोजराजला त्याच्याकडे पाहवेना.

शेवंताबाईने पोत्यातला बर्फ बत्त्याने फोडला. त्याला धानाचा भुसा चिकटला होता. मोठा तुकडा फडक्यात बांधून तिने नवऱ्याच्या कपाळावर ठेवला. प्रेमलालने डोळे मिटूनच सुस्कारा सोडला. उरलेला तुकडा घेऊन ती लेकासमोर आली.

"खोल पेटी."

"माय, तो बाबूजींना ठेव."

"त्याईले देल्ला ना. घरी आलेले जीव काय असे मरू द्याचे? खोल लवकर, हात गारठून राह्यला माहा."

भोजराजने कडी काढली आणि हात मागे घेतला. शेवटी शेवंताबाईनेच झाकण उचलले.

आतल्या बर्फालाही तोच धानाचा भुसा चिकटलेला होता.

तिने त्या भुशावरून बोट फिरवले. मग हातातला तुकडा तिने हलकेच नळ्यांशेजारी ठेवला आणि महागू वाकून पाहण्याआधी झाकण घट्ट दाबून बसवले.