टिपर बॉईजचे श्रोते

दिवसा खाणीवर टिपर चालवणाऱ्या तिघा मित्रांनी डिचोलीत 'टिपर बॉईज' हा कंट्री-रॉक बँड काढला आणि उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली. पेडण्याच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये ते गायचे. लोक मासळीवर ताव मारायचे आणि गाणं संपायच्या आत उठून समुद्राकडे जायचे. पुढे शॅकवाल्यांनी डीजे आणले. ड्रमर बोटीवर नोकरीला गेला, बँजोवाला वारला. गायक गौरेश तेवढा लाटंबार्सेच्या घरी परतला, न खपलेल्या सीडींचे खोके घेऊन.

यंदा शेजारचा विठू दारात आला.

"गौरेशबाब, तुमची गाणी माका पेन ड्राइव्हवर घालून दिया. काजूच्या बागेत भोंग्यावर लावतंय. माकडां फटाक्यांक भियनत नाय."

इतक्या वर्षांत कोणी आपणहून गाणी मागितली नव्हती. गौरेशने लगेच भरून दिली.

आठवड्याभरात विठूने पेन ड्राइव्ह परत आणला.

"उपेग नाय हो. आधी पळाली. आता फांदीवर बसान गप ऐकत रवतत."

गौरेश पेन ड्राइव्ह घेऊन आत वळला. उंबऱ्यावर थांबला.



"विठू, खयचा गाणा शेवटापर्यंत ऐकतत रे?"