ओळीच्या टोकाची खूण

“थांबा!” मदर अर्मेल म्हणाल्या, तशा सगळ्या सिस्टर गाता गाता थांबल्या. मदर एका सुरावर, बाकीच्या भलत्याच. मठाच्या संताचा सण उद्यावर आलेला. हे लॅटिन स्तोत्र वर्षातून एकदाच गायचं, आणि मदरना चुकताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

सगळ्यांच्या हातातली नवी पुस्तिका सिस्टर जोसियाननेच संगणकावर जुळवली होती. म्हाताऱ्या सिस्टरना दिसावं म्हणून सुरांचे चौकोन चांगले ठसठशीत केले होते. “यंत्राला काय कळतंय गाण्यातलं?” म्हणत मदरनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. एक जरी चूक निघाली तर तो डबा तळघरात, सफरचंदाच्या सायडरच्या पिंपांशेजारी, असा दमही भरला होता.

जोसियानने पान नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. जुन्या पोथीत प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बारीक खूण असते. पुढची ओळ कुठल्या सुरावर उचलायची, ते सांगणारी. ती नुसती बघायची, गायची नाही. रोज गाणाऱ्या जोसियानला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच! पण टंकताना हात चालतो, डोकं नाही. या शहाणीने खुणाही सूर म्हणून टंकल्या होत्या! सूर मोठे झाले, ओळी भलतीकडे तुटल्या आणि त्या खुणा मधोमध येऊन बसल्या. बाकीच्या बिचाऱ्या दिसेल ते गात होत्या.

“पुन्हा,” मदर म्हणाल्या. पुन्हा तेच झालं. मदर एकट्या पडल्या.

त्यांचा चेहरा उतरला. “माझंच चुकतंय. एवढ्या जणी कशा चुकतील? उद्या दुसरी कुणीतरी पुढे होऊन गाऊ दे.”

गप्प बसली असती तर जोसियान सुटली असती, संगणकही वाचला असता. पण तो चेहरा तिला बघवेना.

“मदर, तुमचं बरोबर आहे. चूक माझी. टोकाच्या खुणा मी सूर म्हणून छापल्यात. सगळ्या पानांवर.”

बोलणी खायला ती मान खाली घालून उभी राहिली. मदरनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

“तुझी? नक्की तुझीच ना? अगं बये, आधी नाही का बोलायचं! उन्हाळ्यापासून मला पान दिसत नाही. सगळं आठवणीतून गाते. मला वाटलं, आता तीही गेली.”