स्क्रूचा अर्धा फेरा

झाड कापायचं मशीन पुन्हा धूर ओकून बंद पडलं. दहा हजार फुटांवर रस्त्यात आडवा पडलेला देवदार तसाच होता आणि मागे अँब्युलन्समध्ये वरच्या चौकीवरून आणलेले घाडी हवालदार श्वासासाठी तडफडत होते.

गावाला, कुडाळला, मशीन दमलं की मी स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवायचो. इथेही तेच केलं. धूर आणखी काळा झाला.

"लवकर कर रे, ऑक्सिजन संपत आलाय!" ड्रायव्हर ओरडला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इथे हवाच विरळ, पेट्रोल कमी करायला हवं. स्क्रू अर्धा फेरा आवळला. मशीन कडाडलं. खोड दुभंगलं.

मशीन तिथेच ठेवून मी धावलो. मास्क काढून ड्रायव्हर घाडींचे डोळे मिटत होता.

मागे मशीन एका लयीत चालू होतं.